डचांची द्राक्षं आणि आपली

मुंबईत ठाकूरद्वारच्या नाक्यावर फेब्रुवारीत द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. "घ्या काका, एक्स्पोर्टचा माल!" मग तो इथे काय करतोय, असं विचारलं की गाडीवाला वजनकाट्याकडे बघतो.

नाशिककडचा, निफाड-दिंडोरीचा बागायतदार मात्र सांगेल. युरोपला जाणारा प्लॉट आधी नोंदवावा लागतो. कुठलं औषध कधी मारलं त्याची वही ठेवायची, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, आणि रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, मर्यादेच्या वर निघाला की प्लॉट युरोपसाठी बाद. ही शिस्त आपल्याला उपजत सुचलेली नाही. २००३ साली नेदरलँडमध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकं सापडली, नाचक्की झाली, तेव्हा कुठे अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यात प्राधिकरणाचं, ही सगळी नोंद ठेवणारं 'ग्रेपनेट' आलं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकानं पुन्हा कंटेनर अडकवले. ब्रुसेल्समध्ये मिलिग्रॅमचा आकडा हलला की दिंडोरीतली फवारणी बदलते. आमच्या कृषिखात्याच्या परिपत्रकानं एक पंपसुद्धा खाली ठेवला गेल्याचं ऐकिवात नाही.

आणि बाद प्लॉटचं काय? त्याला देशी बाजार मोकळा. मर्यादा आपल्यासाठीही छापलेल्या आहेत, पण त्या तपासायला या नाक्यावर आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. डच पोराच्या पोटाची प्लॉटवार काळजी. इथल्या फणसवाडीतल्या पोराला द्राक्षं धुवायला मिठाचं पाणी.

युरोप काही साधुसंत नव्हे. युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे तिसरा हिस्सा शेतीवर जातो, तोही बराचसा हेक्टरी हिशेबानं: ज्याची जमीन मोठी त्याची थैली मोठी. घरी बंदी असलेली काही औषधं तिथलेच कारखाने बाहेर विकतात. २०२४ मध्ये शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले तेव्हा कीटकनाशकं निम्म्यावर आणणारा प्रस्तावित कायदाही युरोपनं गुमान मागे घेतला. खाणाऱ्याचं ताट तेवढं राखलं.

आपण तेही राखत नाही, आणि फवारणाऱ्याला तर विचारूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. बहुतेक कपाशीच्या रानात. कपाशी कुणी डच खात नाही, मग वही कोण तपासणार?

सुरुवात ताटापासून तरी करा: वाशीच्या बाजारसमितीत रोज नमुने उचला, निकाल फळ्यावर लावा, बाद माल तिथेच नष्ट करा. तपासणीची यंत्रं नाहीत, हे कारण चालणार नाही. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात ती डचांसाठी चालूच आहेत.