मुशी नंबर एक, मुशी नंबर दोन

धुळ्याला वहिनीकडे बाळ आलं. वहिनी माहेरची अलिबागची. त्यामुळे तिची आई थर्माकोलचा डबा बर्फाने भरून एसटीने थेट देवपुरात हजर! डब्यात काय? तर मुशी. ‘बाळंतिणीला दूध येतं गं,’ मावशींचा फंडा एकदम क्लिअर.

मी जळगावची. समुद्राशी नातं एवढंच की आपली तापी शेवटी तिकडे जाते. डब्यात डोकावले आणि उडालेच. हे तर चक्क छोटे शार्क! तेही दोन प्रकारचे.

एकीचं तोंड फावड्यासारखं चपटं. ही स्पेडनोज शार्क. वाढून वाढून पाऊण मीटर. दुसरीच्या तोंडाच्या कोपऱ्यांत लांब खाचा. ही मिल्क शार्क. मीटरभर सहज होते. खानदान एकच, बाजारातलं नावही एकच. आणि हिला ‘मिल्क’ का म्हणतात माहितेय? हिचं मांस खाल्लं की आईचं दूध वाढतं, या आपल्याच देशातल्या समजुतीवरून! म्हणजे मावशी एकट्या नाहीत.

दोघी अंडी घालत नाहीत, पोटात नाळेवर पिल्लं वाढवतात. पण स्पेडनोजला एका खेपेला डझनभरही पिल्लं होतात. मिल्क शार्कला बहुधा दोन ते पाच, तीही जवळपास वर्षभर पोटात सांभाळून. साहजिकच जाळ्यात गेलेल्यांची भरपाई व्हायला वेळ लागतो. आययूसीएनच्या यादीत स्पेडनोज धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, मिल्क शार्क त्याच्याही एक पायरी पुढे. २०२२ साली पनामाच्या साइटीस परिषदेत या अख्ख्या खानदानाच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आलं. खायला बंदी नाही, पण इशारा आहेच.

खरं टेन्शन वेगळंच. शार्कच्या मांसात पारा साठतो. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका जास्त. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना शार्क टाळाच म्हणतं. आणि दूध वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्याने.

हे सगळं मावशींना सांगायचं कोणी? शेवटी वहिनीच म्हणाली, ‘आई, यावेळी मुशी ह्यांना घाल, मला लाडू दे.’

मावशी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, ‘बरं, पुढच्या खेपेला बांगडे आणते.’

मुशीचं कालवण मात्र सॉलिड झालं होतं. खाताना थोडं गिल्टी वाटलं, एवढंच!