देवाशी समेट झाला, आणि त्या माणसाचे काय?

मागच्या महिन्यात एका प्रार्थनासभेत एक साक्ष ऐकली. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, धाकट्या भावाची जमीन मी फसवून नावावर करून घेतली होती, पण देवाने मला क्षमा केली, आता मन अगदी हलके झाले आहे. "हालेलुया!" टाळ्या. माझ्या डोक्यात एकच प्रश्न. सातबारा आता कोणाच्या नावावर आहे?

चहाच्या वेळी मी हे बोलून दाखवले, तर एक तरुण पाळक हसून म्हणाले, "बाई, तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही." अहो, इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय मीही वाचला आहे! पण कृपेचा असा पांघरुणासारखा वापर पाहिला की राग येतो. म्हणून हे लिहायला बसले.

पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात समेटाविषयी लिहितो, तिथे समेट करणारा देव आहे. देव रुसला आहे, त्याची समजूत काढा, असे तो म्हणत नाही. रुसलेले आपण, आणि समजूत काढायला तो आला. माझा सगळा विश्वास यावरच उभा आहे. पण तोच ग्रीक शब्द पौलाने पहिल्या पत्रात (७:११) नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकोने पुन्हा नवऱ्याशी समेट करण्याविषयी वापरला आहे. म्हणजे शब्द घरातला, भांडणातला. आपल्याकडे २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्या समितीपुढे एकटाच जाऊन "माझा समेट झाला" असे कोणी सांगितले असते, तर पार हसला असता. देवळात मात्र आपण टाळ्या वाजवतो.

येशूने तर क्रमच सांगितला आहे (मत्तय ५:२३-२४). वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तक्रार भावाची आहे, उठून जायचे आपण. जक्कयाचेही तसेच. येशू त्याच्या घरी आधी गेला, हिशेब नंतर निघाला. ही कृपा. पण हिशेब निघाला! चौपट परत देण्याचा शब्द जक्कयाने दिला, आणि त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे येशू त्यानंतर बोलला. कॅथलिक लोकांच्या प्रायश्चित्त संस्कारात पाप कबूल केल्यावर नुकसान शक्य तितके भरून द्या, चोरलेले परत करा, असे आजही शिकवतात. आपण प्रॉटेस्टंटांनी क्षमापत्रांच्या बाजाराला विरोध केला तो योग्यच. पण बाजाराबरोबर भरपाईही केरात टाकली की काय, अशी शंका येते.

आता माझे. १९८७ साली सातवीच्या वर्गात सहलीचे पैसे हरवले. मी एका मुलाला सगळ्यांदेखत चोर म्हटले. तो गरीब घरचा होता म्हणूनच म्हटले, हे आज कबूल करते. आठवड्याने पैसे माझ्याच कपाटात, वह्यांच्या गठ्ठ्यात सापडले. तोवर त्याने शाळा सोडली होती. त्या रात्री मी गुडघे टेकून खूप रडले, क्षमा मागितली, आणि मला शांत झोप लागली. त्या झोपेची आता लाज वाटते. त्याचे घर शाळेपासून दोन मैलांवर होते. तिथे जायला मला सतरा वर्षे लागली.

२००४ साली गेले तेव्हा तो गॅरेज चालवत होता. मी सगळे सांगितले. त्याने हात पुसत ऐकून घेतले. म्हणाला, "बाई, त्या दिवशी वडिलांनी मला फार मारलं होतं. ते मरेपर्यंत मला चोरच समजत होते. त्यांना आता कोण सांगणार?" आणि पुन्हा कामाला लागला. त्याने क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला नव्हता.

यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे वधस्तंभावरचा चोर. त्याने कुठे भरपाई केली? खरे आहे. पण त्याचे हात खिळलेले होते. पेन्शन घेणाऱ्या माणसाला तलाठ्याकडे जायला कोणी खिळले आहे?

अँग्लिकन मंडळीच्या १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाच्या आधी पाळकांसाठी एक सूचना छापलेली आहे. उघड अन्याय करणाऱ्याने ज्याचे नुकसान केले त्याला भरपाई केली आहे, निदान लवकरच करणार आहे, असे सांगितल्याशिवाय त्याला मेजावर घेऊ नये. आणि एकाची मनापासून तयारी असून दुसरा ऐकतच नसेल, तर तयारी असणाऱ्याला अडवू नये. जुन्या लोकांनी किती विचार केला होता बघा.

ते पान मी झेरॉक्स करून ठेवले आहे. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, त्याआधी त्या तरुण पाळकांच्या हातात देणार आहे.