जिल्हा रुग्णालयातल्या बाळाच्या रक्तात काय वाढते?

मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली
यांस,



जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ अचानक दूध ओढेनासे होते. पाय गार पडतात, अंग सैल लागते, रडणे क्षीण होते. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात, म्हणजे ज्याला आम्ही सगळे एसएनसीयू म्हणतो तिथे, अशा बाळाला बहुधा ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू होते. दोन दिवसांत फरक पडला नाही तर वरचे औषध, मग त्याहून वरचे. बाळाच्या रक्तात नेमका कोणता जंतू आहे आणि त्याला यातले कोणते औषध लागू पडते, हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसते. बाळ बरे झाले तरी कळत नाही, दगावले तरी कळत नाही. विदर्भातल्या अशाच एका कक्षात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. हे न कळणे थांबवणे आपल्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर आपल्या देशात उत्तम संशोधन झालेले आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘डेनिस’ नावाचा अभ्यास झाला. तेरा हजारांवर बाळांचा त्यात पाठपुरावा केला गेला आणि 2016 साली निष्कर्ष जगापुढे आले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत नवजात बाळाच्या सेप्सिसचे कारण म्हणून ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस पहिल्या ओळीत असतो. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकातही तोच होता. दिल्लीत सापडले ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरचे तर ऐंशी टक्क्यांहून अधिक नमुने अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. आणि सुमारे दोन तृतीयांश आजार पहिल्या बहात्तर तासांतच सुरू झाले होते. पाण्यात, ओलाव्यात, सिंकच्या भोकात, सक्शनच्या नळीत टिकून राहणारे हे जंतू इतक्या लवकर बाळापर्यंत पोचतात कसे? प्रसूतीच्या टेबलावरून की कक्षातल्या हातांवरून? त्या अभ्यासाने हा प्रश्न नीट विचारता येईल अशी जमीन तयार करून दिली.

पण दिल्ली म्हणजे गोंदिया नव्हे, नंदुरबार नव्हे. आपल्या परिषदेचे औषध-प्रतिरोधावर नजर ठेवणारे जाळे 2013 पासून उभे आहे. तेही मुख्यतः मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि बड्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांवर चालते. देशात नऊशेहून अधिक एसएनसीयू आहेत. गरिबाघरचे कमी वजनाचे बाळ आधी तिथेच येते, अनेकदा घरून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून, वाटेत एखादे इंजेक्शन घेऊन. अलीकडेच पाच जिल्हा रुग्णालयांत असा अभ्यास झाला. ज्या बाळांच्या रक्तात जंतू सापडले त्यांतले तिघांमागे एकाहून अधिक बाळ वाचले नाही. रक्तात जंतू सापडण्याचे पाचही ठिकाणचे प्रमाणही सारखे नव्हते, एका रुग्णालयात जे होते त्याच्या अनेक पटींनी दुसऱ्यात होते. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हा फरक. एका जिल्ह्यातले उत्तर शेजारच्या जिल्ह्याला लागू पडत नसेल, तर पाच ठिकाणच्या उत्तरांवर नऊशे कक्ष कसे चालतील?

आता तो रक्ताचा नमुना म्हणजे काय, ते जरा जवळून सांगते. दिल्लीच्या टेबलावर तो कागदावरचा एक रकाना असतो. कक्षात ते बाराशे ग्रॅमचे बाळ असते, हात माझ्या अंगठ्याएवढा. शीर दिसते न दिसते. आधी स्पिरिट, ते वाळू द्यायचे, मग पोव्हिडोन आयोडीन, तेही वाळू द्यायचे. घाईत हे वाळणे राहते आणि मग बाटलीत बाळाच्या रक्तातला नव्हे, कातडीवरचा जंतू वाढतो. एक मिलिलिटर रक्त हवे. एवढ्याशा जिवाला ते थोडे नाही, म्हणून हात आखडतो आणि अर्ध्याच मिलिलिटरवर भागवले जाते. बाटलीचे झाकण पुसायचे, सुई बदलायची, नाव-वेळ लिहायची. हे सगळे नीट झाले आणि रात्रीचे अकरा वाजले असतील तर प्रयोगशाळेला कुलूप. नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो, हे मी नव्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगत असे, कारण ‘खराब होऊ नये’ म्हणून त्या प्रेमाने तो फ्रिजमध्येच ठेवायच्या. आणि मुळात बाटल्याच संपलेल्या असणे, हे तर नेहमीचे. मग डॉक्टर केसपेपरवर लिहायचे, ‘कल्चर शक्य नाही’. अहवाल आलाच तर तो ‘वाढ नाही’ असा यायचा, कारण रेफर करण्याआधीच अँटिबायोटिक दिलेले असायचे. नाहीतर अहवाल आला तेव्हा खाट रिकामी झालेली असायची.

यात कुणी एक दोषी आहे असे मी म्हणत नाही. चार खाटांमागे एक सिस्टर हवी तिथे रात्रपाळीला एकटीने सगळा कक्ष सांभाळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण संशोधनाचा आराखडा लिहिणाऱ्यांनी हे गृहीत धरावे, एवढेच मागणे आहे. जिथे सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आधीपासून उत्तम आहे तिथेच संशोधन केले, तर जिथे ती नाही तिथली बाळे मोजणीत येतच नाहीत.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. साऱ्या महाराष्ट्राला एसएनसीयू हा शब्द त्या दिवशी कळला. चौकशी झाली, राज्यभर अग्निसुरक्षेची तपासणी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. जंतुसंसर्गाने बाळ जाते तेव्हा धूर दिसत नाही. एका पाळीत एक, चार दिवसांनी आणखी एक. त्या मृत्यूंची नोंद ‘सेप्सिस’ या एका शब्दात होते आणि पुढचे बाळ त्याच वॉर्मरवर ठेवले जाते. ती मागोमाग गेलेली बाळे एकाच जंतूने गेली का, हे शोधायला तपास हवा, आणि तपासाला नमुने.

असा तपास दुर्गम भागातही होऊ शकतो, हे महाराष्ट्रातल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही, कारण तिथे उत्तम संशोधन होते हे आपण गडचिरोलीत पाहिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. श्वास मोजायला गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि दायांना शिकवले आणि गावातच औषध दिले. नंतर 39 गावांत आरोग्यदूत बाया घरोघरी जाऊन नवजात बाळे तपासू लागल्या, सेप्सिसची लक्षणे ओळखू लागल्या, गरज पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 च्या डिसेंबरात हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि 2011 पासून आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. प्रश्न गावाचा होता, उत्तर गावात शोधले, म्हणून ते गावात चालले. मधली पायरी, म्हणजे जिल्हा रुग्णालय, या वाटेवर मागे राहून गेली आहे. आशाताईने बाळ वेळेत ओळखले आणि आमच्या दारात आणले, तर पुढे आमच्याकडे काय आहे?

तसेच काम ओडिशातही झाले. तिथल्या गावांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी झाली. काहींना पहिल्या आठवड्यात एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस तोंडावाटे दिला, काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण. सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. 2017 साली ‘नेचर’मध्ये हे आले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी तो लेख छापून सूचनाफलकावर लावला होता. ती बाळे पुऱ्या दिवसांच्या आसपासची, दोन किलो आणि वरची होती. आमच्याकडच्या बाराशे ग्रॅमच्या बाळाला ते चालेल का, धोक्याचे तर ठरणार नाही ना, हे कुणीतरी काळजीपूर्वक तपासायला हवे. उलट बाजूचे उदाहरण नागपूरचे. प्रसूतीच्या वेळी आईला ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस देण्याची चाचणी सात देशांत झाली, त्यात नागपूर आणि बेळगाव होते. 2023 साली निकाल आला. आईचा सेप्सिस स्पष्टपणे कमी झाला, बाळाचा मात्र झाला नाही. असा निकालही मोलाचा आहे. बाळाच्या संसर्गाचे मूळ अन्यत्रही शोधावे लागेल, हे त्यातून मला तरी दिसते.

अन्यत्र म्हणजे कुठे, याबद्दल एक सांगते. आमच्या कक्षाच्या काचेच्या दाराबाहेर आया बसलेल्या असत. दर दोन तासांनी वाटीत दूध काढून देत आणि पुन्हा बाहेर. संसर्ग होईल म्हणून त्यांना आत येऊ द्यायचे नाही, असा नियम. आत मात्र डॉक्टर, मावशी, एक्स-रेवाला, दुरुस्तीवाला, सगळे येत. एक बाई रोज दुपारी विचारायची, ‘सिस्टर, माझा हात लागला तर बाळाला काय होईल?’ मी नियम सांगायची. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेची एक चाचणी प्रसिद्ध झाली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतली चार केंद्रे तिच्यात होती. जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिर होण्याचीही वाट न पाहता, कमी वजनाचे बाळ आईच्या छातीशी ठेवले तर मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले आणि संसर्गाची शंका येण्याचे प्रमाणही घटले. म्हणजे ज्या हातांना आम्ही दाराबाहेर ठेवत होतो त्यांनीच बाळ राखले. ही गोष्ट सफदरजंगमध्ये सिद्ध झाली. वीस खाटांच्या, एकच स्वच्छतागृह असलेल्या, आईला झोपायला जागा नसलेल्या जिल्हा कक्षात ती कशी घडवून आणायची, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि त्याला कुणी संशोधन समजत नाही याचे मला वाईट वाटते. हात धुण्याच्या बेसिनची जागा, अल्कोहोलची बाटली खाटेला लावायची की भिंतीला, सलाइनची एक बाटली किती बाळांत वापरली जाते, ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी कोण आणि केव्हा बदलते, याचीही मोजमाप करून चाचणी होऊ शकते. नव्या औषधाच्या चाचणीइतकाच मान तिला मिळावा.

आपल्या देशात 2020 साली हजार जिवंत जन्मांमागे 20 बाळे पहिल्या महिन्यात गेली. महाराष्ट्रात 11. आकडा खाली येतो आहे आणि त्यात हजारो सिस्टर, डॉक्टर, आशाताईंचे कष्ट आहेत. आता जी बाळे दगावतात ती अधिक नाजूक, अधिक कमी दिवसांची आहेत, आणि त्यांच्या वाट्याला येणारे जंतू जुन्या औषधांना पुरून उरणारे आहेत. म्हणून पुढच्या वेळी नवजात संसर्गावर प्रस्ताव मागवताना, आपल्या कागदात जिल्हा रुग्णालयांसाठी वेगळा निधी असावा. त्यात रक्ताच्या बाटल्यांचा, रात्री उघड्या राहणाऱ्या प्रयोगशाळेचा आणि नमुने पोचवणाऱ्या गाडीचा खर्च मंजूर असावा. संशोधकांच्या यादीत कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरचे नाव सहसंशोधक म्हणून असावे, कारण नमुना तीच घेते. औषधांचे वेळापत्रक ठरवणाऱ्या चाचण्या याच कक्षांतल्या जंतूंवर व्हाव्यात. आणि प्रत्येक कक्षाचा निकाल त्या कक्षाला, राज्याच्या भाषेत, दर तीन महिन्यांनी परत मिळावा. आम्ही वर्षानुवर्षे फॉर्म भरून पाठवले, त्यांचे पुढे काय झाले ते कधी कळले नाही.

नमुना कसा घ्यायचा हे शिकवायला माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आपण बोलावले तर आम्ही येऊ.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका
विदर्भ