तीराची काडी दाव्यात लिहा



सामूहिक वनहक्काचे दावे भरताना बहुतेक गावं मोह, तेंदू, चारोळी, डिंक, मध लिहितात. बांबू लिहिला तरी ‘घराला आणि टोपल्यांना’ एवढंच. तीरकामठ्याचं नाव कुणी घेत नाही. भीती वाटते. तीर म्हटलं की गार्डला शिकार दिसते, मग कशाला उगाच लिहून द्यायचं? माझं मत उलटं आहे.

शिकारीचं आधी बोलून टाकू. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानेही तो हक्क दिलेला नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, त्यात तीरकामठा पण आला. पोरांना हे स्पष्ट सांगा. पण बांबूची काडी तोडली म्हणजे शिकार केली असं होत नाही. त्याच २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनउपज आहे, आणि जे वनउपज आपण पूर्वापार गोळा करत आलो त्यावर मालकी आपली. सगळं ‘पूर्वापार’ या शब्दावर अडतं. पावती तर कुणाच्याच बापाकडे नव्हती.

आता गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याला विचारा, तीराची काडी कशी निवडता? तो सांगेल, यंदाचा कोंब घेऊ नको. ओला असतो, वाळला की आकसतो, वाकतो, भुंगा लागतो. दोन-तीन पावसाळे खाल्लेला घे. करंगळीएवढा जाड, पेर लांब, गाठ बसकी. मुरमाड उतारावरचा मानवेल भरीव निघतो. ओढ्याकाठी पाणी पिऊन फोफावलेला पोकळ, तो टोपलीला बरा. दिवाळीनंतर तोडायचा, सावलीत वाळवायचा, चुलीवर धुरात टांगायचा, मग निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा आणि डोळ्याशी धरून बघायचा. खाच गाठीजवळ पाडायची, नाहीतर दोरीच्या माराने काडी चिरते. कामठा जबर असेल तर काडी ताठ लागते, मऊ काडी सुटताना वळवळते न् भलतीकडे जाते. भाराभर बांबू बघावा तेव्हा मूठभर तीर उतरतात.

मग पुढचं विचारा, अशी काडी मिळते कुठं? तो नाल्याचं नाव घेईल, टेकडीची बाजू सांगेल. एवढं बारीक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात गेल्याशिवाय येत नाही. हाच आपला पुरावा. २००८ च्या नियमांत नियम १३ प्रमाणे वडीलधाऱ्यांचं लेखी सांगणं पुरावा म्हणून चालतं. मात्र सांगणारा स्वतः दावेदार नको. म्हणून शेजारच्या गावातला, त्याच रानात फिरलेला माणूस शोधा.

गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. हक्क मिळूनही एवढा वेळ गेला. आपण दाव्यात बांबूच मोघम लिहिला तर काय होईल?

आणि ठेकेदार बेट बघत नाही, कोवळं-जून एकत्र कापतो. तसं बेट दोनदा कापलं की म्हाताऱ्याने दाखवायला काडीच उरत नाही. पावसाळ्याआधी वनहक्क समितीने त्याला बरोबर घेऊन रान फिरावं, ती जागा नकाशावर लावावी आणि त्याचा जबाब अंगठ्यासह दाव्याला जोडावा.