बाहुलीच्या तोंडी शिवी

बाहुलीने सदैव सोवळेच असावे, असा आमचा मुळीच आग्रह नाही. इंग्लंडातला पंच शतकानुशतके काठीने सर्वांना बडवीत आला आहे. २००४ च्या 'टीम अमेरिका'तही अश्लीलता ओसंडते. तरी जगाची फौजदारी करू पाहणाऱ्या अमेरिकेची त्यात टर उडविली आहे, एवढे श्रेय आम्ही देऊ.

परंतु २०१८ च्या 'द हॅपीटाइम मर्डर्स'ने कोणाची टर उडविली? दिग्दर्शक ब्रायन हेन्सन. त्याचे वडील जिम हेन्सन यांच्या मपेट बाहुल्यांनी १९६९ पासून 'सेसमी स्ट्रीट'वर चिमुरड्यांना अक्षरे नि अंक शिकविले. २००६ साली 'गली गली सिम सिम'च्या रूपाने तो शेजार आपल्याकडेही आला. पुत्राच्या चित्रपटात त्याच घडणीच्या बाहुल्या (त्याच नव्हेत, हे मान्य) शिव्या हासडतात, वासनेचे बीभत्स चाळे करतात. जाहिरातीत आपले नाव ओढल्याबद्दल 'सेसमी'च्या संस्थेने न्यायालयात धाव घेतली; न्यायालयाने जाहिरात रोखली नाही. कायद्याने ते योग्यही असेल. आमची तक्रार निराळी आहे. येथे हसू येते ते विनोदाने नव्हे, तर बाळपणीच्या विश्वासाला चिखल फासला जातो म्हणून. एरवी हेच संवाद कोणी ऐकूनही घेतले नसते. बापाने जोडलेल्या पुंजीची ही उधळपट्टी!

चित्रपट प्रौढांसाठी होता, असे म्हणतात. अमेरिकेत मात्र पालक सोबत असल्यास सतरा वर्षांखालील मुलांनाही प्रवेश होता. सोबत न्यायचे ते कशासाठी, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.