शिरगणतीवाचूनचे ग्रामराज्य

माळशेज घाट चढून कल्याण–नगर रस्त्याने ओतूरकडे निघाले की जुन्नर तालुक्यातील डिंगोरे हे गाव लागते. सरकारी दप्तरात त्याची ओळख थोडक्यात आटोपते : जिल्हा पुणे, तालुका जुन्नर, महसुली गाव, आणि २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येचा एक आकडा. हा आकडा म्हणजे निव्वळ माहिती, अशी भाबडी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः तो गावाचा हक्कलेख आहे. आणि राज्यकर्त्यांनी तो दीड दशक जुनाच ठेवला आहे.

ग्रामपंचायतीत सात सदस्य असावेत की सतरा, हे लोकसंख्या ठरविते. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाटीवर ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीचा निकष आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना २०११ च्या लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला लाभार्थ्यांची जी सुमारे ७ कोटींची मर्यादा मिळाली, तीही त्याच गणतीवर बेतलेली. म्हणजे २०११ नंतर जन्मलेल्या गरिबाच्या मुलाने कोणाचे तरी नाव शिधापत्रिकेवरून कमी होण्याची वाट पाहावी, असाच याचा अर्थ नव्हे काय?

१८८१ पासून या देशात दर दहा वर्षांनी शिरगणती झाली. १९४१ साली महायुद्ध पेटलेले असतानाही परकीय सरकारने ती टाळली नाही. २०२१ ची जनगणना मात्र साथीच्या कारणाने पुढे ढकलण्यात आली. साथ ओसरली, २०२४ मध्ये लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुका यथासांग पार पडल्या. मते मोजण्यास यंत्रणा होती, माणसे मोजण्यास तेवढी नव्हती! अखेर जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला.

अंदाजित लोकसंख्येवर काम भागते, असे काही अर्थपंडित सांगतील. राज्याच्या बाबतीत ते काही अंशी खरे आहे. परंतु गाव जितके लहान, तितका अंदाज पोकळ. जन्ममृत्यूंचा हिशेब एक वेळ बांधता येईल. कोण पोट भरण्यासाठी बाहेर गेला आणि कोण आला, हे घरोघर जाऊन विचारल्यावाचून कळत नाही.

यातच दुसरा अन्याय दडलेला आहे. २०११ मध्ये गणती ९ ते २८ फेब्रुवारीस झाली. १ मार्च हाही गळीत हंगामातलाच दिवस. गणतीचा सारा काळ जो गावाबाहेर असतो, तो त्या गावचा रहिवासी म्हणून मोजला जात नाही. विघ्नहर कारखान्याच्या उसाच्या फडात पाल ठोकून राहणारा तोडणी मजूर, किंवा नारायणगावच्या परिसरात मजुरीसाठी राहिलेले आदिवासी कुटुंब, मोजले गेलेच तर परक्या गावी. त्यांचे घर, मत आणि म्हातारी माणसे जिथे, तिथला आकडा मात्र घटतो. श्रम बागायतदाराकडे गेले, शिरगणतीही त्याच्याच गावाच्या खाती जमा झाली!

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील वाडी-पाड्यालाही गाव म्हणून उभे राहण्याचा मार्ग दिला. तथापि वाडीची स्वतंत्र नोंदच नसेल, तर हा हक्क कागदोपत्रीच राहणार. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, पण तिजोरीची किल्ली वरच राहिली, आणि किल्लीचा आकार ठरविणारी गणतीही वरच्यांच्या मर्जीवर सोडली गेली.

तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रगणकाची वाट पाहत बसू नये. ग्रामसभेत वाडीवार कुटुंबयादी वाचून घ्यावी. हंगामापुरते बाहेर गेलेल्यांची नावे तीत नोंदवावी. त्यांची गणती मूळ गावी व्हावी आणि नवे आकडे येताच शिधापत्रिकांची मर्यादा वाढावी, असे ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावेत. डिंगोऱ्यासारख्या गावाला दयादान नको आहे. त्याला आपल्या माणसांचा खरा हिशेब हवा आहे, आणि तो मागण्यासाठी ग्रामसभेइतकी योग्य जागा दुसरी नाही.