एक मिनिट श्वास मोजा

इस्पितळात पेशंटच्या कॉटपाशी एक तक्ता असतो. त्यात ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास असे चार रकाने. पहिल्या तिन्हींना आता यंत्रं आहेत. साध्या वॉर्डात श्वासाला मात्र फक्त दोन डोळे आणि एक घड्याळ लागतं. म्हणूनच की काय, सगळ्यात बेभरवशाचा आकडा तोच असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१९ साली आमच्या ह्यांचा सीओपीडी बळावला, तेव्हा अकरा दिवस इस्पितळात होते. तक्त्यावर रोज श्वास २०. शेजारच्या आजोबांचा २०, खिडकीपाशी न्यूमोनियाचा तरुण मुलगा होता त्याचाही २०! चौतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात हो मी. एका बाकावरच्या तिघांची उत्तरं सारखी आली की काय समजायचं ते समजतं. पाचव्या रात्री ह्यांचं लक्षण ठीक वाटेना म्हणून मीच मोजले. ३२ भरले. (मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना १२ ते २० असतात.)

रात्रपाळीच्या सिस्टरला सांगितलं. बिचारी एकटी, पेशंट पंचवीस. पण आली, आणि तिनं जे केलं ते बघण्यासारखं होतं. ह्यांचं मनगट धरलं, जणू नाडीच बघतेय. श्वास मोजताहेत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो ना, म्हणून ही युक्ती. नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट. मग गळ्यापाशी खळगा पडतोय का, खांदे उचलले जाताहेत का, ओठांचा चंबू करून श्वास सोडताहेत का, हे पाहिलं. "काका, जेवलात का? काय होतं जेवायला?" असं विचारलं. मला वाटलं गप्पा मारतेय. ती बघत होती, एका दमात वाक्य पुरं होतंय का! ह्यांना दोन शब्दांवर धाप लागत होती. मग पाठीला स्टेथोस्कोप लावला, डावीकडे-उजवीकडे त्याच उंचीवर, म्हणजे दोन्ही बाजूंची तुलना होते. श्वास सोडताना शिट्टी वाजतेय म्हणाली आणि लगेच डॉक्टरांना फोन केला. त्या रात्री उपचार बदलले म्हणून आज हे समोर बसून पेपर वाचताहेत.

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी ऑक्सिमीटर आहे. करोनाच्या काळात आम्हीही घेतला. पण धापा टाकत का होईना, शरीर बराच वेळ ऑक्सिजन सांभाळून धरतं. बोटावर आकडा चांगला दिसतो आणि माणूस आतून थकत असतो. श्वासाचा वेग पुष्कळदा आधी बोलतो.

आणि हे काही मोठ्या शिक्षणाचं काम नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी कमी शिकलेल्या बायकांनाही बाळांचे श्वास मोजायला शिकवलं. त्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्यावरून न्यूमोनिया ओळखून गावातच औषध सुरू झालं आणि बालमृत्यू कमी झाले. गावातल्या बाईला जमतं ते पाच मजली इस्पितळाला जमू नये?

दोष सिस्टर्सना देत नाही मी. पंचवीस पेशंट म्हणजे नुसते श्वास मोजायलाच पंचवीस मिनिटं. माणसं नेमायची नाहीत आणि रकाना मात्र भरलेला हवा, मग असा '२०' जन्माला येतो. जाब व्यवस्थापनाला विचारायला हवा. नवीन मशीन आणलं की पेपरात फोटो येतो, दोन सिस्टर जास्त नेमल्या तर कोण फोटो काढणार? असो.

तोवर आपण घरी शिकून घ्यावं. आमच्या सुनांना नि भाच्यांना मी आकडे पाठ करायला लावलेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६०, वर्षाच्या आतलं ५०, पाच वर्षांच्या आतलं ४०. तितके किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, दवाखाना गाठा. बाळ शांत असताना मोजा, रडताना नको. आणि पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. लहान बाळाचा श्वास मध्येच भरभर, मध्येच सावकाश चालतो, तिथे गुणाकार फसतो.